तारवाले अण्णा

लातूरच्या त्या नेटकॅफेला नाव होतं, पण पाटीवर झेरॉक्स, एसटीडी, लॅमिनेशन आणि 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' यांची एवढी दाटी, की ते शोधावं लागायचं. आम्ही कधी शोधलं नाही. "अण्णांकडं जाऊन येते" म्हटलं की रूमवरच्या सगळ्यांना कळायचं. बाकी गाव त्यांना तारवाले अण्णा म्हणे. सारी नोकरी तार ऑफिसात गेलेली, आणि निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी सहा कॉम्प्युटर मांडले होते.

मी २००६ साली अकरावीला लातूरला आले, औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातून. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे ती आठवण माझी नाही, घरच्यांची आहे. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचा तेव्हा जोर होता. एका खोलीत चौघी, पहाटे पाचला पहिला क्लास, रात्री सराव पेपर. सोडायला आलेल्या वडिलांनी परतीच्या एसटीत चढताना एवढंच सांगितलं, "नाव ऐकू येऊ नये." आमच्याकडच्या मुलींना हे वाक्य फोडून सांगावं लागत नाही. नाव ऐकू आलं की शिक्षण थांबतं.

क्लासचे प्रश्नसंच मेलवर येतात, हे नेटवर जाण्याचं सांगायचं कारण. खरी ओढ ऑर्कुटची. गूगलने २००४ मध्ये काढलेलं हे मित्र जोडायचं संकेतस्थळ आधी कुणी आमंत्रण दिलं तरच उघडायचं. आम्ही पोचलो तोवर दार सताड उघडं झालं होतं. अट एकच होती, वय अठरा पूर्ण हवं. मी पंधरा वर्षांची. जन्मसाल १९८५ टाकलं आणि आत गेले. माझी पाऊणशे मित्रमंडळी याच दाराने आत आलेली होती. कागदोपत्री आम्ही सगळे पदवीधर असायला हवे होतो.

अण्णांचा कॅफे मुलांना आवडत नसे. बाकी ठिकाणी प्लायवूडचे खोके, त्यांना पडदे. अण्णांकडे आडोसा नाही, सहाही पडदे दाराच्या दिशेने. शिवाय लांब वही. नाव, मशीनचा नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, सही. पुढे २०११ मध्ये सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. त्यात ओळखपत्र आलं, वर्षभर जपायची नोंदवही आली, आडोशाची उंची साडेचार फुटांहून जास्त नसावी हेही आलं. अण्णा हे सगळं आधीच करत होते आणि त्यापायी गिऱ्हाईक घालवत होते. मलाही तेव्हा राग यायचा. आणखी सांगायचं तर माणूस चिकट होता. पंखा तीनवर गेला की उठून दोनवर आणायचा. तासाला पंधरा रुपये. एकसष्टावं मिनिट लागलं की पुढचे पाच.

माझ्यावरचं त्यांचं पहिलं ऋण लोडशेडिंगच्या पोटी आलं. मराठवाड्यात तेव्हा वीज किती वेळ जाते असं कुणी विचारत नसे, किती वेळ येते असं विचारत. एका संध्याकाळी मी ऑर्कुटवर होते आणि सगळं एकदम काळं झालं. इन्व्हर्टर आधीच उतरलेला. मशीन बंद, म्हणजे माझं कामही बंद, असं समजून मी पैसे देऊन निघून आले. दुसऱ्या दिवशी गेले तर अण्णांनी वही पुढे सरकवली. पानात चिठ्ठी होती. बारीक, उभट, तारेच्या फॉर्मवर शोभेल असं अक्षर: "तुझं घर रात्री उघडं होतं. कुलूप लावलं आहे. दोन ओळी परक्याच्या हातच्या आहेत, त्या बघ."

झालं होतं ते असं. खातं उघडताना खाली एक छोटा चौकोन असे, या कॉम्प्युटरवर माझी आठवण ठेव म्हणणारा. मी त्यावर रोज टिचकी मारायची, कारण पासवर्ड पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा. त्या टिचकीमुळे ओळखीची एक चिठ्ठी मशीनच्या डिस्कवर लिहिली जाते. वीज गेल्याने डिस्क पुसली जात नाही. वीज आली, माझ्यानंतरच्या मुलाने ऑर्कुट उघडलं, आणि ते त्याला माझ्याच नावाने आत घेऊन गेलं. त्याने माझ्या दोन मैत्रिणींना मी कधीही लिहिणार नाही असं काही लिहिलं. तेवढ्यात अण्णांनी पडदा पाहिला, त्याला उठवलं आणि खातं बंद केलं. वही होती म्हणून तो कोण तेही त्यांना ठाऊक होतं. मला त्यांनी नाव सांगितलं नाही. तो मुलगा पुन्हा तिथे दिसला नाही, इतकंच.

मला घाम फुटलेला. माझ्या खात्यात काय काय होतं ते मलाच माहीत. धीर करून विचारलं, "अण्णा, तुम्ही वाचलं का?"

"डोळ्यांनी वाचलं," ते म्हणाले. "पुढं नेलं नाही."

मग तार ऑफिसातली गोष्ट निघाली. तारेचा मजकूर पाठवणाऱ्यालाही वाचावा लागतो आणि घेणाऱ्यालाही; न वाचता तार जातच नाही. म्हणून १८८५ च्या तार कायद्यात मजकूर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. गावातली लग्नं कुठे मोडली, कुणाच्या मुलाने कुठून पैसे मागितले, कोण कुठे गेलं, सगळं अण्णांच्या कानातून जायचं आणि तिथेच राहायचं. किल्लारीच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ नंतरचे कित्येक दिवस, ते खुर्चीवरून उठलेच नव्हते म्हणे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मग मुंबई-पुण्यात, सुरतेत पोटासाठी गेलेल्या पोरांच्या तारा यायला लागल्या. "घेणाराच न्हाई अशाही आल्या," असं ते एकदाच म्हणाले. नंतर त्यावर कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवून शिकवलं. चौकोनावरची टिचकी काढायची. काम झालं की खिडकी मिटायची नाही, आधी बाहेर पडायची कळ दाबायची, मग मिटायची. ब्राउझरच्या आतल्या यादीत जाऊन कुकीज आणि इतिहास पुसायचा. वीज गेली तर ती येईपर्यंत थांबायचं, नाहीतर दुसऱ्या ठिकाणाहून आधी पासवर्ड बदलायचा. माझा पासवर्ड होता नाव आणि जन्मसाल, खरं जन्मसाल. अण्णा हसले. "खोटं साल जगाला आणि खरं कुलपाला? उलटं कर की माय."

पासवर्ड विसरलात तर विचारायचा जो प्रश्न असतो, त्याचीही त्यांनी पंचाईत केली. माझा प्रश्न होता जन्मगाव. अख्ख्या वर्गाला माझं गाव माहीत. ते म्हणाले, प्रश्न खरा राहू दे, उत्तर दुसरंच दे, फक्त तुला आठवेल असं. त्या खात्यात माझं जन्मगाव पुढे कितीतरी वर्षं एका लोणच्याचं नाव होतं. आणि जाता जाता हेही, की परीक्षेच्या अर्जाचा पासवर्ड त्यांच्या दुकानात टाकायचा नाही. "माझ्याच मशीनवर माझा भरवसा न्हाई. कळ दाबली की टिपून घेणारं काही कुणी घालून गेलं असंल तर मला कुठं कळायलंय?" आपल्याच दुकानाबद्दल असं सांगणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता. नंतरही भेटलेला नाही.

एवढं शिकून मी शहाणी झाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. बारावीच्या दिवाळीआधी, २००७ मध्ये, घरमालकीण काकूंच्या लँडलाइनवर रात्री फोन यायला लागले. पुरुषांचे, माझं नाव घेऊन. काकूंनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या वडलांना बोलवून घेते."

मी अण्णांकडे पळाले. शोधलं तर ऑर्कुटवर मी दोन होते. दुसऱ्या 'मी'कडे माझा गॅदरिंगमधला साडीतला फोटो होता, माझं आडनाव होतं, खाली आमंत्रण देणारा मजकूर आणि काकूंचा नंबर. नंबर मीच दिला होता. मैत्रिणीच्या स्क्रॅपबुकात लिहिलं होतं, रविवारी या नंबरवर फोन कर. स्क्रॅपबुक म्हणजे चिठ्ठी, असं मी धरून चालले होते. तो चव्हाट्यावरचा फळा होता. येणारा जाणारा कुणीही वाचत होता. माझा फोटोही तसाच उघड्यावर, उजवी टिचकी मारली की कुणाच्याही मशीनवर.

मला ते पान एका क्षणात नाहीसं व्हायला हवं होतं. अण्णा म्हणाले, "थांब. आधी छाप."

त्यांनी त्या पानाच्या प्रती काढल्या. छापताना पानाच्या तळाशी पत्ता आणि तारीख आपोआप उमटते, ती त्यांनी बोटाने दाखवली. पत्त्यात एक लांबलचक आकडा होता. नाव कुणीही लावील, फोटो कुणीही चिकटवील. आकडा मात्र त्या एकाच खात्याचा. तो त्यांनी वहीत वेगळा उतरवला. मग तक्रारीची कळ. मग माझ्या दहा मैत्रिणींना निरोप, की त्यांनीही तक्रार करावी, पण त्या पानावर काही लिहू नये, शिवीसुद्धा नाही. मग स्क्रॅपबुकातला नंबर पुसणं, फोटो काढणं. कुणी केलं असेल यावर मी चार नावं घेतली. ते ऐकूनच घेईनात. "शोधत बसलीस तर परीक्षा होऊन जाईल. कागद हाय आपल्यापाशी. लागला तर चौकीत न्यायचा, तू म्हणशील तेव्हा."

चौकीत तरी कोणतं कलम सांगितलं असतं कुणास ठाऊक. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून होता, पण दुसऱ्याची ओळख चोरण्याचा गुन्हा त्यात स्पष्टपणे आला तो २००८ च्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली ऑक्टोबर २००९ मध्ये. कलम ६६क, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. तार फोडणाऱ्याला तीन, ओळख चोरणाऱ्याला तीन. अण्णांना हे मी नंतर सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं.

प्रती छापून झाल्यावर ते म्हणाले, "आता घरी फोन लाव."

मी रडायलाच लागले. घरी कळू नये म्हणून तर इथे आले होते. ते त्यांच्या धंद्याच्या भाषेत बोलले: तार ज्याची त्याला आधी द्यावी. चार गावं फिरून गेली की मजकूर बदलतो. काकू बोलावतील, वडील येतील, वाटेत कुणीतरी काहीतरी सांगेल. त्याआधी तुझ्या तोंडून जाऊ दे. त्यांनी काउंटरवरचा फोन माझ्याकडे वळवला आणि स्वतः उठून दारात जाऊन उभे राहिले, पाठ करून. बिलाचं यंत्र मात्र चालू ठेवलं.

शेजारच्या किराणा दुकानातून वडिलांना बोलावून आणायला पाच मिनिटं गेली. मी सगळं सांगितलं, ऑर्कुटसकट, १९८५ सकट. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग वडील म्हणाले, "पेपर कधी हायत?" मी सांगितलं. "तिथं कोण हाय तुझ्यापाशी?" मी अण्णांना हाक मारली. ते दोघं दोनेक मिनिटं बोलले. अण्णा नुसतं "हां", "होय की", "न्हाई न्हाई" म्हणत होते. काय बोलणं झालं ते वडिलांनी कधी काढलं नाही. अण्णांना मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते पंखा बघायला उठले. वडील लातूरला आले नाहीत. संध्याकाळी अण्णा आणि त्यांची बायको काकूंकडे चहाला येऊन गेले, आणि मी त्या खोलीत बारावी होईपर्यंत राहिले. खोटं पान आठवड्याभराने गेलं. अकरा प्रती, पाच रुपयांप्रमाणे पंचावन्न, शिवाय फोनचे नऊ. सगळे वसूल झाले.

डिसेंबरात एक गंमत घडली, ती सांगून टाकते. ऑर्कुटवर पोर्तुगीज भाषेतल्या नववर्षाच्या शुभेच्छा पसरल्या. स्क्रॅपबुक नुसतं उघडून पाहिलं की तीच शुभेच्छा तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या मित्रांना जायची आणि तुम्ही कुठल्यातरी बाधितांच्या मंडळात आपोआप दाखल व्हायचात. मी सगळे नियम पाळत होते, तरी झाले. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. "उघडली की आपणहून पुढं जाणारी तार," ते म्हणाले, "आमच्या वेळी असली नव्हती बाबा."

मी आता पुण्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. अण्णांनी शिकवलेल्यातलं निम्मं निरुपयोगी झालं आहे. कॅफे गेले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, आणि मशीन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पण प्रकरणं ओळखीची येतात. मुलं प्रकल्पाचा अहवाल सगळ्यांनी मिळून लिहायच्या कागदावर ठेवतात आणि परवानगी देतात 'लिंक असेल तो कुणीही'. ती लिंक तीन ग्रुपांतून फिरून येते आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री अहवाल कोरा सापडतो. आधीच्या आवृत्त्या त्याच कागदात साठवलेल्या असतात, तिथून तो परत आणता येतो, हे सांगितलं की माझ्याकडे मांत्रिकासारखं बघतात. एका स्पर्धेच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म आला, त्यात आधार क्रमांक, वडिलांचा मोबाइल, जन्मतारीख, आणि भरून झाल्यावर 'आधीची उत्तरे पहा' अशी ओळ. ती दाबली की भरलेल्या सगळ्यांची माहिती दिसत होती. फॉर्म मुलांनी नाही, एका शिक्षकांनी बनवला होता. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गाची लिंक जिकडेतिकडे टाकून परक्यांना आत घेणारेही आम्हीच शिक्षक होतो. मुलांना बेसावध म्हणताना माझी जीभ अडखळते ती यामुळे.

२०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलाची माहिती घ्यायला आईबापाची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे. चांगलंच आहे. पण माझं १९८५ आठवतं. बापाच्या फोनवर आलेला ओटीपी पोरगीच टाकणार, आणि बापाला काय ठाऊक झालं? माझ्या वडिलांची संमती मला मिळाली ती काउंटरवरच्या फोनवर, नऊ रुपयांत, आणि तीही सगळं होऊन गेल्यावर.

मागच्या वर्षी पहिल्या वर्षाची एक मुलगी केबिनमध्ये आली. दार लावून घेऊ का म्हणाली. शाळेत असतानाचा एक फोटो कुणाकडे होता आणि तो माणूस पैसे मागत होता. फोटो मी पाहिला नाही, माणूस कोण तेही विचारलं नाही. संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यायला लावले, खात्याचा पत्ता उतरवायला लावला. पैसे द्यायचे नाहीत, चिडून उत्तरही द्यायचं नाही. १९३० हा मदत क्रमांक आणि सायबर गुन्ह्यांचं सरकारी तक्रार पोर्टल तिला माहीत नव्हतं. 'टेक इट डाउन' ही सेवा मलाही उशिराच कळलेली. अठराव्या वर्षाच्या आधी काढलेल्या अशा फोटोसाठी ती अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ मध्ये सुरू केली. फोटो त्यांच्याकडे पाठवायचा नसतो. आपल्याच फोनवर त्याचा आकड्यांतला ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तसाच फोटो कुणी चढवू पाहिला की त्यांना तो ओळखता येतो. हे सगळं करून झालं. मग मी फोन तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, आता घरी लाव. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला चांगली ठाऊक होती. मी उठून खिडकीपाशी गेले.

तारसेवा बंद व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, १४ जुलै २०१३ रोजी, मी पुण्याच्या तार ऑफिसात रांगेत उभी होते. पुढे मागे बहुतेक माझ्याच वयाची मुलं, आयुष्यात पहिली आणि शेवटची तार करायला आलेली, मोबाइलवर फॉर्मचे फोटो काढत. खिडकीतल्या कारकुनाने माझा फॉर्म घेतला, शब्द मोजले, एकदा वर पाहिलं आणि शिक्का मारला. लातूरला ती चौथ्या दिवशी टपालातून पोचली. अण्णांचा फोन आला. "मिळाली," म्हणाले. "वाचली." आणि ठेवला.

तारेत काय होतं ते अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगत नाही.